पाचवा प्रश्न

बाईंनी पेन्सिलीचं मागचं टोक तिच्या स्क्रीनवरच्या प्रोग्रामच्या चौदाव्या ओळीवर टेकवलं आणि म्हणाल्या, “ही ओळ तुला नडेल बघ.”

ती तोवर बॅगेची चेन लावत होती. पाच-दहाची बस चुकली तर पुढची पाऊण तासाने, आणि घरी सासूबाईंच्या मांडीवर तिची सव्वा वर्षाची ठमी. सहा वाजले आणि आई दिसली नाही की ठमी सूर लावायची, तो थेट खालच्या मजल्यापर्यंत ऐकू जायचा. तरी तिने वाकून पाहिलं. चौदाव्या ओळीत काही वावगं दिसेना. ‘तक्रार सापडली नाही, तर माणूस ठीक,’ एवढाच त्या ओळीचा अर्थ होता.

“काय चुकलं, बाई?”

“चुकलं काही नाही. चालेल, छान चालेल. पण या भाषेची खोड माहीत आहे ना? जे तिला सिद्ध करता येत नाही ते ती खोटं धरून चालते. ‘दुखतंय’ असं कोणी सांगितलं नाही, की संपलं, दुखत नाही. ही तिची रीत आहे. माणसांची नव्हे.”

“पण अप्पा एक दिवस चुकवत नाहीत हो. आठ म्हणजे आठला त्यांचं उत्तर येतं.”

“उत्तर येण्याबद्दल नाही मी म्हणत.”

“पुढच्या वेळी बघते नक्की,” ती म्हणाली, चेन ओढली आणि दोन-दोन पायऱ्या टाकत जिना उतरली. बस मिळाली. खिडकीची जागाही मिळाली. त्या आनंदात ती ओळ तिच्या डोक्यातून उतरली ती उतरलीच.

वर्ग मंगळवारी आणि गुरुवारी, तीन ते पाच. वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यावर, जुनी वर्तमानपत्रं ठेवायची ती लांबट खोली रिकामी करून तिथे बारा संगणक मांडले होते. कृत्रिम बुद्धिमत्तेचं प्रोग्रॅमिंग, सहा महिन्यांचा अभ्यासक्रम. पहिले तीन महिने चिन्हांच्या भाषा, म्हणजे आकडेमोडीपेक्षा शब्द, याद्या आणि नियम यांच्यावर चालणाऱ्या. पुढचे तीन महिने ऑब्जेक्टवाल्या. पहिली भाषा नुसती कंसांनी भरलेली होती. एक कंस मिटायचा राहिला की सगळा प्रोग्राम आडवा. वर्गात एक निवृत्त पोस्टमास्तर होते, ते तिला ‘कंसमामाची भाषा’ म्हणत आणि दर तासाला एकदा तरी विचारत, “मामा कुठे उघडा राहिला, कोणी सांगेल का?”

दुसरी, नियमांची भाषा आली तेव्हा मात्र ती खुलली. तिथे हिशेब कसा करायचा ते सांगावं लागत नव्हतं. काय खरं आहे ते सांगायचं, कशावरून काय ठरतं ते सांगायचं, आणि मग विचारायचं. यंत्र आपलं आपण पाठीमागे शोधत जाऊन उत्तर आणायचं. ठमी झाल्यावर नोकरी सुटली होती, आणि वर्षभरानंतर आपलं डोकं अजून चालतं हे पाहून तिला हायसं वाटलं. बाटल्या उकळताना, दुपटी वाळत घालताना ती मनात नियम रचायची. ताप आणि कान ओढणं, तर कान दुखतोय. रडणं आणि पाय पोटाशी घेणं, तर पोट. ठमीच्या बाबतीत ती अशीच होती. लेक जरा जास्त वेळ गप्प बसली तरी हातातलं काम टाकून बघायला जायची. नवरा म्हणायचा, “अगं, खेळतेय ती. गप्प बसायची मुभा दे की जरा.” ती म्हणायची, “गप्प आहे म्हणूनच तर.”

पहिल्या टप्प्याच्या शेवटी प्रत्येकाला एक प्रोग्राम करून दाखवायचा होता. तिने अप्पांवर केला.

अप्पा म्हणजे तिचे वडील. दोन बस बदलून जावं लागेल इतक्या अंतरावर, एका चिंचोळ्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एकटेच राहत. घड्याळं दुरुस्त करायचा त्यांचा धंदा. दुकान केव्हाच विकलं, पण खिडकीशी टेबल मांडून, डोळ्याला भिंग लावून ते अजूनही गिऱ्हाइकांची घड्याळं उघडून बसत. तिची आई गेल्यापासून त्यांचा फोन रोज सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी यायचा. नेमक्या त्याच वेळी ठमीचं भरवणं, नवऱ्याचा डबा, सासूबाईंचा चहा. अप्पा हवेपासून सुरुवात करायचे आणि कोणा बाईंच्या घड्याळातल्या केसाएवढ्या स्प्रिंगपाशी येऊन पोचायचे. ती फोन स्पीकरवर टाकून भांड्यांच्या रॅकवर ठेवायची आणि मधूनमधून “हं” म्हणायची. एकदा ती स्वयंपाकघरातून बाहेर जाऊन, ठमीचे कपडे बदलून परत आली, तरी स्प्रिंग चालूच होती.

तेव्हा तिला ही कल्पना सुचली. सहा प्रश्न. झोप लागली का, गोळी घेतली का, जेवलात का, चक्कर आली का, कुठे दुखतंय का, बाहेर फिरून आलात का. अप्पांनी रोज सकाळी प्रश्नाचा आकडा आणि पुढे हो किंवा नाही, एवढं लिहून पाठवायचं. ती ते प्रोग्रामला द्यायची, आणि प्रोग्राम सांगायचा: ठीक, लक्ष ठेवा, किंवा लगेच जा.

“म्हणजे फोन नको?” अप्पांनी विचारलं होतं.

“फोन कशाला नको? पण रोज सकाळी तुम्हाला त्रास कशाला. हे कसं, नोंद राहते. मला जास्त नीट लक्ष ठेवता येईल.”

“तुझ्या अभ्यासाला उपयोग होईल ना?”

“खूप.”

“मग झालं तर,” अप्पा म्हणाले. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगायला लागले, “आमची मुलगी आम्हाला रोज यंत्रात घालते. ऑइलिंग करून परत काढते.”

आठच्या ठोक्याला संदेश यायचा. एका हाताने ठमीला कडेवर सावरत ती दुसऱ्या हाताने आकडे भरायची. पडद्यावर ‘ठीक’ यायचं. अर्धं मिनिटही लागायचं नाही. त्या ‘ठीक’नंतर आपले खांदे खाली येतात, हे तिच्या लक्षात आलं होतं. मुलगी म्हणून जे करायचं ते आजच्यापुरतं करून झालं, अशी ती पावती होती. रविवारी ती स्वतः फोन करायची. दोन-तीन रविवार राहूनही गेले.

प्रोग्राम दाखवायच्या दिवशी बाईंनी प्रोजेक्टर लावला. अप्पांचा महिनाभराचा हिशेब भिंतभर मोठा झाला. कसं चालतं ते समजावं म्हणून ती एक-एक दिवस मोठ्याने वाचायला लागली.

“एक हो, दोन हो, तीन हो, चार नाही, पाच नाही, सहा हो. उत्तर, ठीक.” पुढचा दिवस. मग आणखी पुढचा. “एक हो, दोन हो, तीन हो, चार नाही, सहा हो. उत्तर, ठीक.”

तिची जीभ जराशी अडखळली. चारनंतर सहा. तिने पुढचा दिवस वाचला. चार नाही, सहा हो. त्याच्या पुढचा. चार नाही, सहा हो.

असा पाच नंबर गाळलेला तिने पूर्वी पाहिला होता. पाहिला नव्हता असं म्हणायची सोय नव्हती. पहिल्यांदा दिसला तेव्हा तिच्या मनात आलं होतं, फोन करावा का. पण ठमीने वाटी उलटवली होती, आणि पडद्यावर ‘ठीक’ आलं होतं. दुसऱ्या दिवशी तिला वाटलं, विसरले असतील. मग डोळ्यांना त्याची सवय झाली. आता भिंतीवर हाताएवढ्या अक्षरांत, वर्गासमोर स्वतःच्या आवाजात वाचताना, ती मनात मोजत गेली. एकोणीस दिवस.

शेवटचं ‘ठीक’ उमटलं आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. बाई शेवटच्या बाकावर कोणाचा तरी बंद पडलेला संगणक चालू करण्यात गुंतल्या होत्या, त्यांनीही मान वर करून हसून पाहिलं. पोस्टमास्तर सगळ्यांत आधी उठले. पेन ड्राइव्ह पुढे करून म्हणाले, “ताई, मला द्या हो हा. माझा थोरला भाऊ गावाच्या त्या टोकाला एकटाच असतो. मी म्हणतो माझ्याकडे ये, तो म्हणतो तू माझ्याकडे ये. कोणीच जात नाही.”

त्यांच्यामागे आणखी पाच जण आले. कोणाची मावशी, कोणाची आई. ‘थांबा, एक बघायचं राहिलंय’ हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. पण टाळ्या नुकत्याच थांबल्या होत्या, आणि सहाच्या सहा माणसं हसऱ्या चेहऱ्याने उभी होती. तिने सहा कॉपी करून दिल्या, पाच वाजायची वाट न बघता सासूबाईंना फोन लावला, आणि अप्पांच्या दिशेची बस पकडली.

अप्पांनी दार उजव्या हाताने उघडलं. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत पट्टीत गुंडाळून पोटाशी धरला होता. पट्टी स्वच्छ होती आणि घड्याळजीच्या हाताची शिस्त तिच्या प्रत्येक वळशात दिसत होती.

“अरे, आज कशी काय?” ते म्हणाले. “ठमी कुठाय?”

“हाताला काय झालं?”

“आधी आत तर ये.”

खिडकीशी टेबलावर घड्याळं ओळीने ठेवली होती. प्रत्येकाखाली गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी. एकही उघडलेलं नव्हतं. भिंगावर धूळ बसली होती. खुर्चीच्या पाठीला उशी बांधलेली दिसली, आणि तिला कळलं की अप्पा रात्री तिथेच बसून झोपतात.

“न्हाणीघरात पाय सरकला,” अप्पा म्हणाले, कोणा दुसऱ्याची गोष्ट सांगावी तसं. “हातावर पडलो. सूज होती पहिल्यांदा बरीच. आता उतरलीय.”

“कधी?”

“झाले असतील पंधरा-वीस दिवस.”

“आणि तुम्ही मला सांगितलं नाही? रोज लिहीत होतात की. झोप लागली, हो. जेवलो, हो.”

“लागते की झोप. खुर्चीत लागते. जेवतो पण. मी खोटं कुठे लिहिलंय, सांग बरं.”

तिने त्यांच्या पट्टीला हात लावला.

“पाचला ‘नाही’ लिहिलं असतं, तर खोटं झालं असतं. ‘हो’ लिहिलं असतं, तर तू पोर काखेत मारून दोन बस बदलत आली असतीस. म्हणून गाळला.” अप्पांनी उजव्या हाताने टेबलावरचं एक घड्याळ सरळ केलं, ते आधीच सरळ होतं. “म्हटलं, बघू. विचारलंस तर सांगेन.”

बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. ती उठून स्वयंपाकघरात गेली, पाण्याचा पेला भरला, तो तसाच ठेवला आणि ओट्याला धरून उभी राहिली. रोज आठ वाजता एका माणसाने दाराशी येऊन उभं राहावं, हाक मारू नये, नुसतं उभं राहावं, आणि घरातल्यांनी आतून कडी लावून घ्यावी, तसं काहीतरी आपण एकोणीस वेळा केलं.

दुसऱ्या दिवशी तिने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला.

“हाड जुळलंय,” ते म्हणाले. “पण वाकडं जुळलंय. हात चालेल. बारीक वस्तू मात्र घट्ट धरायला जमायचं नाही. काय करता तुम्ही?”

“घड्याळं.”

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. “लगेच आला असतात तर सरळ बसवला असता. घरात कोणी नव्हतं का बघायला?”

“आहे ना,” अप्पा ताबडतोब म्हणाले. “मुलगी आहे. रोज विचारपूस करते.”

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. ती जमिनीच्या फरशा बघत राहिली. एकेका फरशीच्या कडेला काळी रेघ होती, आणि ती रेघ पुढच्या फरशीच्या रेघेला नेमकी जुळत नव्हती.

घरी नवरा म्हणाला, “तू तरी काय करणार? त्यांनी सांगायला नको? आणि चूक प्रोग्रामची आहे. होतात चुका.” सासूबाई ठमीचं डोकं पुसत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, “फोनवर आवाजावरून कळतं हो माणसाचं.” त्यात टोमणा होता की नव्हता, हे तिने बराच वेळ मनात उलटून पाहिलं. नवऱ्याच्या बोलण्याने तिला अर्धा दिवस बरं वाटलं. मग जेवताना तिच्या लक्षात आलं की चौदावी ओळ प्रोग्रामने लिहिलेली नव्हती.

ती रोज सकाळी ठमीला घेऊन अप्पांकडे जायला लागली. आठच्या ठोक्याला अप्पांचा संदेश तरीही यायचा, आता पाच नंबरसकट: हो. कधी ती बसमध्येच असताना यायचा. तिने त्यांना बंद करा म्हटलं नाही. गिऱ्हाइकांची घड्याळं ती एकेक करून परत देऊन आली. प्रत्येकाने विचारलं, आता कोणाकडे द्यायचं? एका म्हाताऱ्या शिंप्याने घड्याळ परत घेतलंच नाही. म्हणाला, “राहू दे त्यांच्याकडे. त्यांना नाही जमलं तर मला चालायला नकोच आहे ते.”

वर्गाचे चार तास बुडाले. पाचव्याला ती गेली तेव्हा ऑब्जेक्टची भाषा सुरू झाली होती. बाईंनी फळ्यावर एक चौकट काढून वर ‘माणूस’ लिहिलं होतं.

“क्लास म्हणजे साचा,” बाई सांगत होत्या. “साच्यातून काढलेला एकेक माणूस म्हणजे ऑब्जेक्ट. त्याचं वय त्याच्यापाशी, त्याची औषधं त्याच्यापाशी, आणि त्याने काय करायचं तेही त्याच्याचपाशी. आता माणसाखाली ‘रुग्ण’ असा पोटसाचा केला, तर माणसाकडे जे आहे ते सगळं रुग्णाला वारशाने मिळतं.”

“इथे तरी वारसा भांडणाशिवाय मिळतो म्हणायचा,” पोस्टमास्तर म्हणाले, आणि वर्ग हसला.

“मिळतो. दोषही मिळतात पण.” बाईंनी चौकटीत ‘दुखतंय का’ असा रकाना आखला. “हा हो-नाहीचा रकाना. नवीन माणूस बनवला आणि हा भरायचा तुम्ही विसरलात, तर यंत्र इथे काय ठेवेल?”

“रिकामं,” कोणीतरी म्हणालं.

“रिकामं ठेवत नाही. ‘नाही’ ठेवतं. तुम्हाला न विचारता.” बाईंनी खडूने रकान्यात ‘नाही’ लिहिलं. “भाषा बदलली म्हणून खोड जात नाही. ‘माहीत नाही’ ही तिसरी जागा तुमची तुम्हाला करावी लागते.”

ती वहीत तेवढंच वाक्य लिहीत असताना पोस्टमास्तर खुर्ची तिच्याकडे सरकवून हळूच म्हणाले, “ताई, कळलं मला अप्पांचं. हात मोडला म्हणे.”

“हो.”

“पण बघा, तुमच्या प्रोग्रामने बरोबर पकडलं. डेमो संपला आणि तुम्ही तशाच धावत गेलात, तेव्हाच मी म्हटलं, यंत्राने काहीतरी दाखवलेलं दिसतंय. वेळेवर कळलं, हे महत्त्वाचं.”

बोलता बोलता त्यांचा आवाज नेहमीच्या पट्टीवर आला होता. पुढच्या दोघी वळून बघायला लागल्या. बाईही फळ्यापाशी थांबल्या. सगळ्यांच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, आणि ते सगळं कौतुक तिच्या पुढ्यात येऊन उभं राहिलं.

“हं,” ती म्हणाली.

तिने मान खाली घातली, तेव्हा ती विनयाने घातली असंच सगळ्यांना वाटलं असणार. बाई मात्र क्षणभर जास्त तिच्याकडे बघत राहिल्या, मग फळ्याकडे वळल्या.

“मी पण सुरू केलंय दादाचं,” पोस्टमास्तरांनी मोठ्या हौसेने आपला स्क्रीन तिच्याकडे फिरवला. “हे बघा. रोज ठीक. आमच्या हिलाही दाखवतो मी.”

तिने बघितलं. एक हो, दोन हो, तीन हो, सहा हो. दुसरा दिवस, तसाच. तिसरा तसाच. शेवटच्या ओळीपर्यंत चार आणि पाच कुठेच नव्हते.

“हे... चार-पाच?” तिने स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं.

“कंटाळा करतो हो टाइप करायचा. पहिल्यापासून आळशी तो.” पोस्टमास्तर हसले. “महत्त्वाचं तेवढं लिहितो.”

आत्ता सांगायला हवं होतं. वाक्य लहानसं होतं. ‘मास्तर, माझंही असंच झालं होतं.’ पण ते बोललं की मघाचं ‘हं’ सगळ्यांसमोर उघडं पडणार होतं, टाळ्या उघड्या पडणार होत्या, आणि सहा कॉपी देताना तिला माहीत होतं, हेही. तिने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. बाईंनी पुढचा मुद्दा सुरू केला. पाच वाजले. पोस्टमास्तरांनी चष्म्याची केस, डबा, छत्री असं एकेक करून पिशवीत भरलं आणि सगळ्यांच्या आधी निघून गेले.

ती जिना उतरून बसथांब्यावर आली. तिने मास्तरांना फोन लावला. वाजत राहिला. त्यांचा फोन पिशवीच्या तळाशी असतो आणि बसमध्ये त्यांना ऐकू येत नाही, हे वर्गातल्या सगळ्यांना माहीत होतं. तिने पुन्हा लावला. पाच-दहाची बस आली, दार उघडलं, चालकाने तिच्याकडे पाहिलं आणि दार मिटून बस नेली. तिसऱ्यांदाही फोन वाजत राहिला.

मग तिने वर्गाचा ग्रुप उघडला आणि बाकावर बसून लिहायला घेतलं.

‘नमस्कार. ज्यांनी माझा प्रोग्राम नेला आहे त्यांच्यासाठी त्यात एक किरकोळ सुधारणा करत आहे. नवीन कॉपी गुरुवारी देईन. तोपर्यंत...’

तिने ‘किरकोळ’ या शब्दाकडे पाहिलं. तो पुसला. मग ‘सुधारणा’ पुसला. मग सगळंच पुसलं. घरी ठमीने आता सूर लावला असेल, सासूबाई तिला खिडकीशी घेऊन उभ्या असतील. ती पुन्हा पहिल्यापासून लिहायला लागली. या वेळी पुसायला थांबली नाही.

‘माझ्या प्रोग्रामने अप्पांचं काही पकडलं नाही. एकोणीस दिवस तो ठीक म्हणत होता आणि एकोणीस दिवस त्यांचा हात मोडलेला होता. त्यांनी पाचवा प्रश्न गाळला होता. मी तो गाळलेला पाहिला होता आणि विचारलं नाही. त्यांना आता घड्याळं करता येत नाहीत. बाईंनी ती ओळ मला आधीच दाखवली होती. तुम्हाला कॉपी दिल्या तेव्हा मला शंका आली होती, तरी दिल्या. आज मास्तर बोलले तेव्हाही मी गप्प बसले.

मास्तर, मी तीन वेळा फोन केला. तुमचे दादा आळशी नाहीत. रोज चार आकडे न चुकता लिहिणारा माणूस दोन आकडे कंटाळ्याने गाळत नाही. हे वाचाल तेव्हा घरी जाऊ नका, तसेच त्यांच्याकडे जा. ज्याला हे मास्तरांच्या आधी दिसेल आणि जो गावाच्या त्या टोकाला, दादांच्या जवळ राहतो, त्याने मास्तरांची वाट न बघता जावं.

बाकीच्यांनी आपापली यादी उघडा. जिथे एखादा आकडा नाही, त्या माणसाकडे आजच जाऊन या. समोर बसून तोच प्रश्न विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिथून उठू नका.’